लहरींपासून लाजाळूपर्यंत : जगदीशचंद्र बोस यांची एक वाट

आपल्या घराघरांतून, विशेषतः शाळेत जाणाऱ्या नातवंडांसमोर, एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते : रेडिओचा खरा शोध मार्कोनीने नव्हे, तर आपल्या जगदीशचंद्र बोसांनी लावला. वाक्य ऐकायला गोड आहे; परंतु बोसांचे कार्य थोडे जवळून पाहिले की ते दोन कारणांनी अपुरे वाटू लागते. एक तर बिनतारी संदेशवहन हे कोणा एकाचे अपत्य नाही. मॅक्सवेल, हर्ट्झ, ब्रॅन्ली, लॉज, पोपोव, बोस आणि मार्कोनी अशा अनेकांच्या श्रमांतून ते उभे राहिले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. मार्कोनीशी केलेल्या तुलनेत बोसांच्या जीवनकार्याचा जेमतेम पहिला अध्याय येतो आणि पुढचे सारे ग्रंथरूप काम बाहेरच राहते.

बिनतारी लहरी, यंत्ररचना आणि सजीवांचे शरीरक्रियाशास्त्र ही तीन क्षेत्रे आज विद्यापीठांत तीन वेगळ्या इमारतींत नांदतात. बोसांच्या टेबलावर ती एकत्र आली. तशी योजना त्यांनी आधी आखली नव्हती. एका उपकरणाच्या विचित्र वागणुकीचा माग काढता काढता ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले. त्या प्रवासात त्यांना काय गवसले आणि त्याची किंमत काय द्यावी लागली, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाला इंग्रजी शाळेत घालणे त्यांना सहज शक्य होते. पण त्यांनी त्याला आधी बंगाली शाळेत घातले. तेथे एका कोळ्याचा आणि घरच्या एका नोकराचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनी आपल्या मनात निसर्गाविषयीचे कुतूहल रुजवले, असे बोसांनी पुढे सांगितले आहे. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्या प्रयोगांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये ते विलायतेस गेले ते मात्र वैद्यक शिकण्यासाठी. लंडनमध्ये तापाने ते वारंवार आजारी पडू लागले, शवविच्छेदनगृहातील वासाने प्रकृती अधिकच ढासळली आणि वर्षभरात वैद्यक सोडून ते केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकण्यास गेले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखा गुरू लाभला. भौतिकशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांचाही परिचय झाला. अर्धवट सुटलेले हे वैद्यक वीस वर्षांनी वेगळ्या दाराने त्यांच्याकडे परत यावयाचे होते.

१८८५ मध्ये बोस मायदेशी परतले आणि प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक झाले. येथे जे घडले त्याकडे शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे. म्हणजे समान कामाबद्दल एक-तृतीयांश वेतन. बोसांनी तक्रारअर्जांचे बाड रचले नाही, की राजीनामाही दिला नाही. त्यांनी वेतन स्वीकारण्याचे नाकारले आणि शिकवणे चालू ठेवले. वडिलांचे उद्योग बुडून घरावर कर्ज झालेले असताना हे व्रत त्यांनी तीन वर्षे पाळले. अखेर त्यांची नेमणूक पूर्वलक्षी प्रभावाने कायम झाली आणि पूर्ण वेतनाची थकबाकी हाती आली. तिच्यातून वडिलांचे ऋण फिटण्यास मोठा हातभार लागला. सेवानियमांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढे सार्वजनिक सेवांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे १९१३ मध्ये साक्ष देतानाही बोसांनी नेमणूक व वेतन यांत वंशभेद नसावा, विद्वत्ता हीच कसोटी असावी, अशी भूमिका मांडली. गोपाळ कृष्ण गोखले हे त्या आयोगाचे एक सभासद होते.

आता लहरींकडे वळू. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या विद्युत्चुंबकीय लहरी असल्या पाहिजेत, हे मॅक्सवेलने गणिताने दाखवले होते आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झने त्या प्रत्यक्ष निर्माण केल्या. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ अकाली निवर्तला. त्याच वर्षी ऑलिव्हर लॉजने त्याच्या कार्यावर दिलेले व्याख्यान छापले गेले आणि ते वाचून बोस या विषयात उतरले. पण त्यांनी वाट वेगळी धरली. हर्ट्झच्या लहरी लांब होत्या. अशा लहरींचे वक्रीभवन, परावर्तन, ध्रुवीभवन तपासावयाचे तर भिंगे आणि लोलक अवाढव्य लागत. बोसांनी लहरच आखूड केली, पार ५ मिलिमीटरपर्यंत. आजच्या भाषेत ही कंप्रता सुमारे ६० गिगाहर्ट्झ होते. लहर आखूड झाल्याबरोबर सारे उपकरण टेबलावर मावेल इतके लहान झाले. एका व्यवहारी अडचणीवर काढलेला हा तोडगा त्यांना काळाच्या फार पुढे घेऊन गेला.

प्रयोगशाळा अशी नव्हतीच. महाविद्यालयातील स्नानगृहालगतची एक चिंचोळी खोली आणि हाताशी पत्र्याचे काम करणारा एक देशी कारागीर, एवढ्या भांडवलावर उपकरणे घडली. लहरी गोळा करण्यासाठी नरसाळ्यासारखा पत्र्याचा कर्णा, त्या वाहून नेण्यासाठी पोकळ नळी आणि वळवण्यासाठी गंधकाची भिंगे त्यांनी वापरली. लहरींचे ध्रुवीभवन करण्यासाठी त्यांनी चक्क ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये कथलाचा वर्ख घातला. पिळलेल्या तागाच्या जुड्या घेऊन त्यांनी लहरींचे ध्रुवीभवन-प्रतल फिरवून दाखवले. बंगालच्या मातीत पिकणारा ताग आणि रोजच्या प्रवासातले वेळापत्रक यांतून उच्च भौतिकी साकारली. आज सूक्ष्मलहरींच्या प्रत्येक प्रयोगशाळेत आढळणारा कर्णाकृती अँटेना हा त्या पत्र्याच्या नरसाळ्याचाच वंशज आहे.

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. लहरी भिंतींच्या आरपार गेल्या, पलीकडे घंटा वाजली आणि दारू पेटली. त्याच वर्षी त्यांचा पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. दुसरा रॅले यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे गेला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुप्रसिद्ध शुक्रवारच्या सायंसभेत त्यांनी आपली उपकरणे मांडली, तेव्हा त्यांची सुबकता पाहून जाणकार थक्क झाले.

मग मार्कोनीचे काय? मार्कोनीने १८९६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १२ डिसेंबर १९०१ रोजी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत न्यूफाउंडलंडमध्ये टिपला. त्याला अंतर कापावयाचे होते, म्हणून त्याने लांब लहरी निवडल्या. बोसांना लहरींचा स्वभाव जाणावयाचा होता, म्हणून त्यांनी आखूड लहरी निवडल्या. दोघांचे गंतव्यच भिन्न होते. मात्र एका ठिकाणी दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. लहरी ओळखणाऱ्या उपकरणाला त्या वेळी कोहिरर म्हणत. काचेच्या नळीत धातूचा चुरा असे. लहर येताच त्याचे कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. पुढचा संकेत टिपण्यापूर्वी नळीला टिचकी मारून कण सुटे करावे लागत. बोसांनी लोखंड आणि पारा यांचा असा कोहिरर तयार केला की, तो आपोआप पूर्वस्थितीला येई. हे संशोधन १८९९ मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. मार्कोनीने अटलांटिकच्या प्रयोगात वापरलेला पाऱ्याचा कोहिरर इटालियन नौदलाकडून आला होता. त्याचे मूळ बोसांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असे प्रोबीर बंदोपाध्याय यांनी १९९८ मध्ये साधार मांडले. अभिमान बाळगावयाचा तर त्याला हा पुरेसा भक्कम आधार आहे.

पेटंटांविषयी बोसांना मनापासून तिटकारा होता. एका तारयंत्र कंपनीचा धनाढ्य मालक पेटंटचा कागद घेऊन आपल्याकडे आला आणि आपण त्याला नकार दिला, ही हकीकत त्यांनी १९०१ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांना पत्राने कळवली. त्याच वर्षी सारा बुल या हितचिंतक महिलेच्या आग्रहामुळे गॅलिना या शिशाच्या खनिजावर चालणाऱ्या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट मागण्यात आले. ते १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहक पदार्थावर आधारलेल्या उपकरणाचे ते जगातील आद्य पेटंट मानले जाते. बोसांनी त्याचा एक पैसाही केला नाही. या ग्राहकाला दिसणारा प्रकाश आणि न दिसणाऱ्या लहरी अशी दोन्ही कळत, म्हणून त्यांनी त्याला कृत्रिम नेत्रपटलाची उपमा दिली होती. भौतिकशास्त्रज्ञाच्या तोंडी शरीरशास्त्राचा शब्द आला होता, आणि पुढील वाट कोठे जाणार याची ती खूण होती.

कारण याच काळात कोहिररने त्यांना बुचकळ्यात टाकले होते. सतत वापरला की तो मंदावत असे. थोडी विश्रांती दिली की पुन्हा ताजातवाना होई. इतर कोणी हा उपकरणाचा दोष समजून नवा कोहिरर बनवला असता. बोसांनी त्या दोषाचाच आलेख काढला आणि तो थकलेल्या स्नायूच्या आलेखाशेजारी ठेवला. दोन्हींत विलक्षण साम्य होते. मग कथलाची तार, वनस्पतीचा देठ आणि प्राण्याचा स्नायू यांना उत्तेजन देऊन त्यांनी प्रत्येकाची विद्युत्-प्रतिक्रिया मोजली. काही रसायनांनी धातूची प्रतिक्रिया वाढे. ऑक्झॅलिक आम्लासारख्या द्रव्याने ती जणू विषबाधा झाल्याप्रमाणे मावळत जाई. १९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत आणि १० मे १९०१ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

येथवर सारे कौतुकाचे होते. ६ जून १९०१ रोजी रॉयल सोसायटीत मात्र गाठ पडली ती शरीरक्रियाशास्त्राचे वयोवृद्ध अध्वर्यू सर जॉन बर्डन सँडरसन यांच्याशी. कीटकभक्षी वनस्पतीतील विद्युत्-स्पंद त्यांनी स्वतः १८७३ मध्ये नोंदले होते. परंतु सर्वसामान्य वनस्पती असा प्रतिसाद देतात, हे त्यांना मान्य नव्हते. भौतिकशास्त्रज्ञाने आपले क्षेत्र सोडून शरीरक्रियाशास्त्रात येऊ नये, आणि निबंधाच्या शीर्षकातील ‘प्रतिसाद’ हा शब्द काढून तेथे ‘भौतिक प्रतिक्रिया’ अशा अर्थाचे शब्द घालावेत, असे त्यांनी सुचवले. साहित्य संस्थेच्या वाचकांना येथे थोडे थांबावेसे वाटेल. वाद प्रयोगांच्या आकड्यांपुरता नव्हता. एका शब्दावर कोणाचा अधिकार, हा त्यातला खरा प्रश्न होता. बोसांनी शीर्षक बदलले नाही आणि निबंध छापला न जाता दप्तरात जमा झाला. त्यानंतर काही महिन्यांतच ऑगस्टस वॉलर या दुसऱ्या शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या विद्युत्-प्रतिसादाबाबत स्वतःचा अग्रहक्क सांगितला. तेव्हा लिनियन सोसायटीने आधीची कागदपत्रे पाहून १९०२ मध्ये बोसांचा निबंध प्रसिद्ध केला.

परत फिरून लहरींच्या सुरक्षित प्रांतात जाणे बोसांना शक्य होते. ते गेले नाहीत. पुढची तीन तपे त्यांनी वनस्पतींना दिली. ज्या विषयात त्यांना उपरे ठरवले गेले, तेथे त्यांना तारले ते त्यांच्यातील यंत्ररचनाकाराने. लाजाळूच्या पानाची हालचाल नोंदवावयाची तर लेखणी काजळी धरलेल्या काचेवर घासते आणि त्या घर्षणानेच नाजूक हालचाल अडते. बोसांनी तारेच्या बारीक लेखणीला विद्युत्चुंबकाने ठराविक गतीने थरथरते ठेवले. ती काचेवर सरकत न जाता ठिपके उमटवीत जाई. घर्षण जवळजवळ नाहीसे झाले आणि दोन ठिपक्यांमधील अंतर हे सेकंदाच्या सूक्ष्म अंशाचे घड्याळ बनले. लहरींच्या अभ्यासातून आलेले अनुनादाचे तत्त्व येथे झाडाच्या नाडीपरीक्षेला उपयोगी पडले. पुढे क्रेस्कोग्राफ या यंत्राने त्यांनी झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवली. चुंबकीय क्रेस्कोग्राफने तर त्याहून कितीतरी पटींनी. ही यंत्रे कोलकात्यातच, देशी कारागिरांच्या हातांनी घडली. वॉलर यांनी या यंत्राविषयीही शंका काढली, तेव्हा एप्रिल १९२० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तज्ज्ञांसमोर त्याची परीक्षा झाली आणि यंत्र खरे उतरले. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने, जिने एकोणीस वर्षांपूर्वी निबंध दप्तरात टाकला होता, त्यांना आपले सदस्यत्व दिले.

चरित्रलेखनात भक्तीला जागा असते, तशी विवेकालाही असावी. बोसांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस वर चढतो, हा त्यांचा सिद्धान्त वनस्पतिशास्त्राने स्वीकारला नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने पाण्याची अखंड धार वर खेचली जाते, हे आज मान्य आहे. प्राण्यांसारखे मज्जातंतू झाडांत नसतात. धातू सजीव असतो, असा अर्थ त्या आलेखांतून निघत नाही. पण झाडाच्या एका भागाला झालेली इजा विजेच्या संकेताने दुसऱ्या भागाला कळते, हे मूळ सूत्र भक्कम निघाले. १९९२ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी टोमॅटोच्या रोपावर दाखवून दिले की, जखमी पानातून निघालेला विद्युत्-संकेत दुसऱ्या पानात संरक्षक प्रथिने निर्माण करण्याची प्रक्रिया सुरू करतो. त्यानंतर या विषयावरील संशोधन वाढतच गेले आहे.

या साऱ्या खटाटोपाला पैसा कोठून आला, हेही पाहिले पाहिजे. १९०१ च्या कसोटीच्या काळात रवींद्रनाथांच्या शब्दाखातर त्रिपुराचे महाराज राधाकिशोर माणिक्य यांनी त्यांना द्रव्यसाहाय्य केले. संस्थानी राजाश्रयाच्या छायेत आपल्यापैकी अनेकांच्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे अशा आश्रयाचा अर्थ आपण जाणतो. १९१५ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर बोसांनी स्वतःची आयुष्यभराची पुंजी आणि लोकांच्या देणग्या यांतून संशोधन-मंदिर उभारले. मुंबईच्या दानशूर व्यापाऱ्यांनीही त्याला हातभार लावला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. येथील शोधांवर पेटंट घेतले जाणार नाही, ते सर्वांचे असतील, असे त्यांनी त्याच प्रसंगी जाहीर केले. भौतिकी, वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास एकाच छपराखाली व्हावा, हा त्या वास्तूचा हेतू होता. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

या वैज्ञानिकाने १९११ मध्ये मैमनसिंगच्या बंगीय साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले होते आणि पुढे बंगीय साहित्य परिषदेचे अध्यक्षस्थानही सांभाळले. त्यांचा ‘अव्यक्त’ हा बंगाली लेखसंग्रह १९२१ मध्ये निघाला. कवी आणि वैज्ञानिक वेगवेगळ्या वाटांनी एकाच अव्यक्ताच्या शोधात असतात, अशी त्यांची धारणा होती. मायबोलीच्या शाळेत कोळ्याच्या मुलाशेजारी बसलेल्या विद्यार्थ्याने तिचे ऋण असे फेडले.

आणि आज? विद्युत् अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१२ मध्ये बोसांच्या १८९४-९६ मधील मिलिमीटर-लहरींच्या प्रयोगांना अभियांत्रिकीच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. त्यांनी हाताळलेला ६० गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आज जलद बिनतारी जोडणीसाठी वापरला जातो. त्याच पट्ट्यातील लहान रडार झोपलेल्या माणसाच्या अंगाला स्पर्श न करता त्याचा श्वास मोजू लागले आहेत. लहरींचे शास्त्र, यंत्ररचना आणि शरीराची चिकित्सा पुन्हा एका टेबलावर आली आहेत.

प्रशासनात विभाग लागतात. त्यांवाचून कामाची वाटणी होत नाही आणि जबाबदारीही ठरत नाही. विद्यापीठांनाही ते लागतात. पण विभागांच्या सीमा माणसांनी सोयीसाठी आखलेल्या असतात, याची आठवण ठेवणारा एखादा तरी माणूस प्रत्येक संस्थेत असावा आणि त्याची फाइल केवळ ‘आमच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा मारून परत जाऊ नये. १९०१ मध्ये लंडनच्या विद्वानांनी तोच शेरा मारला होता. नातवंडांना बोसांची गोष्ट सांगताना मार्कोनीचे नाव खुशाल घ्यावे. पण त्यापुढे थकणाऱ्या कोहिररची आणि थरथरत्या लेखणीची हकीकतही सांगावी. उपकरण बिघडले असे वाटेल तेव्हा ते फेकून देण्यापूर्वी त्याचा आलेख काढून पाहावा, एवढे जरी त्यांच्या ध्यानात राहिले तरी गोष्ट सांगितल्याचे सार्थक होईल.